प्रकल्प नोंदी : एनएफएचएस-५, महाराष्ट्र – फिल्टरच्या आधी आणि फिल्टरनंतर

१० जून २०२४, सोमवार

काम ठरलं. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा (वयाच्या मानाने उंची फार कमी असणं), आदिवासी आणि इतर, शक्य तिथे जिल्हावार. विदा (डेटा) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) पाचव्या फेरीचा, २०१९-२१. देशभरात ६,३६,६९९ घरं, ७०७ जिल्हे. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, म्हणजे इथली मोजमापं कोविडच्या आधीची. हे अहवालात एका ओळीत लिहायचं, नाहीतर कुणीतरी लॉकडाउनचा संबंध जोडणारच.

घरातल्या सर्व व्यक्तींची फाइल घेतली, कारण उंची-वजन तिथे प्रत्येक मुलाच्या ओळीत आहे. ओळी २८ लाखांच्या वर. ऑफिसचा लॅपटॉप ती उघडताना पंखा असा फिरवतो की शेजारचा वळून बघतो. त्यामुळे पहिला मोह सगळ्यांना होतो तोच: महाराष्ट्र ठेवा, बाकी उडवा, मग त्यातली आदिवासी मुलं ठेवा, बाकी उडवा, आणि हलक्याफुलक्या फाइलवर काम करा. यातलं पहिलं चालतं, दुसरं चालत नाही. का, ते पुढे सविस्तर लिहीन. टीममध्ये तिघं तीन सॉफ्टवेअरवर आहोत: मी स्टाटा, मॅडम आर, आणि नवीन आलेला मुलगा एसपीएसएस. ही नोंदवही मुख्यतः त्याच्यासाठी.

११ जून

आधी फिल्टर न लावता छापील आकडा जुळवायचा. तो जुळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही हा मॅडमचा नियम, आणि तो बरोबर आहे. महाराष्ट्राचा छापील आकडा ३५.२ टक्के. चौथ्या फेरीत ३४.४ होता.

गंमत अशी की "फिल्टर न लावता" हा आकडा येतच नाही. छापील आकड्याच्या पोटात आधीच फिल्टर आहेत: मूल आदल्या रात्री त्या घरात झोपलेलं असावं, वय ५९ महिन्यांपर्यंत, जन्मतारीख धड, उंचीचं मोजमाप वैध. घरात नाव असलेलं पण त्या रात्री मामाकडे गेलेलं मूल छेदात नाही. मामाकडे आलेला भाचा छेदात आहे. "मूळ विदा" विरुद्ध "गाळलेला विदा" असं आपण सहज म्हणतो, पण पाहणीत मूळ असं काही हाती लागत नाही. कुणीतरी आधी काहीतरी गाळलेलंच असतं. प्रश्न एवढाच की काय गाळलं ते लिहून ठेवलंय का.

१३ जून

वैध मोजमापाचा फिल्टर. यावर आजचा सगळा दिवस गेला आणि जायलाच हवा होता.

वयाच्या मानाने उंचीचा झेड-स्कोअर (त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून मूल किती प्रमाण-विचलनं दूर आहे तो आकडा) एचसी७० या रकान्यात शंभरपट करून ठेवलेला असतो. उणे दोन म्हणजे −२००. त्याच्या खाली तो खुजा. पण त्याच रकान्यात ९९९६, ९९९७, ९९९८ अशाही किमती आहेत. त्या उंच्या नाहीत, खुणा आहेत: उंची पटण्यासारखी नाही, वय पटण्यासारखं नाही, झेड-स्कोअर मर्यादेबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत उंचीसाठी ही मर्यादा अधिक-उणे ६. आणि ज्या मुलांना मोजलंच नाही त्यांचा रकाना रिकामा.

आता "एचसी७० उणे दोनशेपेक्षा कमी आहे का" असा साधा शून्य-एकचा रकाना बनवला, तर ९९९८ वाला मुलगा "नाही" मध्ये जातो, म्हणजे सुदृढ ठरतो. स्टाटात रिकामा रकानाही "नाही" मध्येच जातो, कारण स्टाटा रिकाम्या किमतीला कुठल्याही संख्येपेक्षा मोठी मानतो. घरी नसलेलं, रडून मोजू न दिलेलं, फळीवर उभं न राहिलेलं मूल कागदावर उंच होऊन बसतं.

किती फरक पडतो? सोपं गणित करू. समजा १०० मुलांची मोजमापं वैध, त्यात ३५ खुजी. आणखी ८ मुलांची मोजमापं अवैध किंवा रिकामी. गाळून ३५ टक्के. न गाळता ३५ भागिले १०८, म्हणजे ३२.४. अडीच अंकांची घट, काहीही न बदलता. दोन फेऱ्यांमधला महाराष्ट्राचा सगळा बदल ०.८ चा आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे प्रकरण किती महाग पडू शकतं ते कळतं.

मॅडमकडे तीच अट आर मध्ये लावली तर रिकाम्याचा निकाल रिकामाच राहतो, ते आपोआप "नाही" होत नाही. एसपीएसएसमध्येही तसंच. ९९९८ मात्र तिघांनाही फसवतो. तो त्यांच्या दृष्टीने चांगली धडधाकट संख्या आहे.

म्हणून ठरलं: वैधतेचा रकाना वेगळा. "वैध" १ किंवा ०. "खुजा" फक्त वैधांसाठी, बाकीच्यांसाठी रिकामा. ओळ मात्र एकही उडवायची नाही.

१४ जून

आदिवासी कोण? प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखाची जात किंवा जमात विचारलेली आहे, मग ती अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास की यापैकी नाही. "माहीत नाही" यालाही आकडी संकेत आहे. आणि आमची जात-जमात काहीच नाही असं सांगणाऱ्यांचा पुढचा रकाना रिकामा.

"जमात = २" (वरच्या क्रमाने २ म्हणजे अनुसूचित जमाती) ही अट तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये तीच मुलं देते. पण तुलनेसाठी दुसरी बाजू लागते, आणि "जमात २ नाही" अशी अट लावली की चुली वेगळ्या होतात:

स्टाटा रिकाम्यांना आत घेतो, कारण रिकामं म्हणजे २ नव्हे.
आर चं डीप्लायआर हे पॅकेज रिकाम्यांना बाहेर ठेवतो, कारण ते २ आहेत की नाहीत हेच माहीत नाही.
एसपीएसएसही बाहेर ठेवतो.

म्हणजे एकच अट, एकच फाइल, आणि "इतर" गटाचा बेस (मोजलेल्या मुलांची संख्या) दोन प्रकारचा. दोन्ही बाजूंना तर्क आहे. कुणाचंही चूक नाही, म्हणूनच हे सापडायला वेळ लागतो. कुठलीही अट "नाही" मध्ये लिहायची नाही असं ठरवलं. जे हवंय ते नाव घेऊन लिहायचं: १, ३, ४ आणि रिकामे हे "इतर", "माहीत नाही" बाहेर. अहवालाच्या तळटिपेत तसं छापायचं.

जाता जाता: आर मध्ये डीप्लायआर लोड न करता फिल्टर हा शब्द लिहिला तर ज्याला हाक मारली जाते ते फंक्शन काळश्रेणी गुळगुळीत करणारं, भलतंच. मग जो एरर येतो तो वाचून माणूस स्वतःच्या डेटावर संशय घेऊ लागतो.

१८ जून

आजची नोंद लांबणार आहे.

टीममधल्या नवीन मुलाने एसपीएसएसमध्ये आदिवासी मुलं निवडून खुजेपणा काढला. मी स्टाटात सबपॉप (सगळ्या ओळी ठेवून फक्त एका गटाचा आकडा काढणारा पर्याय) लावून काढला. टक्केवारी दशांशापर्यंत तीच. तो खूश. मग मी स्टाटातच, सबपॉप न वापरता, आधी "कीप इफ" करून (म्हणजे बाकीच्या ओळी उडवून) तोच हिशेब केला. टक्केवारी पुन्हा तीच. स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) वेगळा, पीएसयूंची (नमुन्यातल्या गावांची) संख्या वेगळी, आणि काही जिल्ह्यांत एररच्या जागी नुसता ठिपका.

"आकडा तर तोच आहे ना?" – तो.

आकडा तोच असणारच. टक्केवारी काढताना फक्त आतल्या ओळी लागतात. पण त्या टक्केवारीवर किती भरवसा ठेवायचा हे काढताना बाहेरच्या ओळीही लागतात. ते असं.

ही पाहणी मुलांची थेट निवड करत नाही. आधी गावं निवडते, शहरात जनगणनेचे गट. त्यांना पीएसयू म्हणायचं. प्रत्येक पीएसयूमधून २२ घरं. निवडीआधी गावांचे स्तर पाडलेले असतात: जिल्हा, त्यात ग्रामीण-शहरी, ग्रामीणमध्ये पुन्हा गावाचा आकार आणि अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण. उद्या हीच पाहणी पुन्हा केली तर गावं वेगळी निघतील, आणि त्या गावांत आदिवासी मुलं किती सापडतील तेही वेगळं असेल. कुठे दहा, कुठे एकही नाही. एकही न सापडलेलं गाव ही सुद्धा माहिती आहे. "कीप इफ" केलं की ते गाव नकाशावरूनच जातं, आणि सॉफ्टवेअरला वाटतं की आपण फक्त आदिवासी मुलं असलेलीच गावं निवडायला निघालो होतो.

फळ्यावर चार गावं काढली. एकच स्तर, सगळ्यांची वजनं (नमुन्यातलं एक मूल किती मुलांच्या वतीने धरायचं तो आकडा) सारखी.

गाव अ: आदिवासी मुलं १०, खुजी ६.
गाव ब: १०, खुजी ८.
गाव क आणि ड: आदिवासी मुलं ०.

एकूण २० पैकी १४, म्हणजे ७० टक्के. ७० टक्क्यांच्या हिशेबाने प्रत्येक गावात ७ अपेक्षित. अ मध्ये एक कमी, ब मध्ये एक जास्त, क-ड मध्ये फरक शून्य. २० ने भागा: −०.०५, ०.०५, ०, ०. वर्गांची बेरीज ०.००५.

चारही गावं धरली तर तिला ४/३ ने गुणायचं: ०.००६६७. वर्गमूळ ०.०८२. स्टँडर्ड एरर ८.२ अंक.
दोनच गावं उरली तर २/१ ने: ०.०१. वर्गमूळ ०.१. एरर १० अंक.

खरी मजा पुढे. चार गावांना स्वातंत्र्यकोटी (गावांची संख्या वजा स्तरांची) ३, त्यामुळे ९५ टक्क्यांसाठी गुणक ३.१८, पट्टा (खरा आकडा ज्यात असावा ती मर्यादा) ७० च्या दोन्ही बाजूंना २६ अंकांचा. दोन गावांना स्वातंत्र्यकोटी १, गुणक १२.७१, पट्टा दोन्ही बाजूंना १२७ अंकांचा. म्हणजे खुजेपणा उणे ५७ टक्के ते १९७ टक्के यांच्या दरम्यान. मुलगा हसला. हसण्यासारखंच आहे, पण सॉफ्टवेअर हे हसत नाही, छापतं.

आता त्याच गावांचे दोन स्तर करा. अ आणि क पहिल्यात, ब आणि ड दुसऱ्यात. सगळी गावं ठेवून हिशेब केला तर प्रत्येक स्तराचा वाटा ०.००२५, बेरीज ०.००५, एरर ७.१. आधी गाळलं तर प्रत्येक स्तरात एकेकच गाव उरतं. एका गावाची तुलना कुणाशी करणार? स्टाटा ठिपका देतो. मघाचे ठिपके ते हेच.

ठिपका बघून लोक काय करतात? एकट्या पीएसयूसाठीचा पर्याय शोधतात. त्यात "सर्टन्टी" निवडला तर असा स्तर शून्य एरर देतो. आपल्या उदाहरणात दोन्ही स्तर शून्य, म्हणजे ७० टक्के, एरर शून्य. वीस मुलांवरून ब्रह्मवाक्य. "सेंटर्ड" निवडला तर इथे ७.१ येतो, आणि तो योगायोग नाही. स्तरातल्या बाकी सगळ्या गावांचं योगदान शून्य असेल तर बीजगणित तिथेच पोचतं. पण त्यावर विसंबू नये. पहिल्या उदाहरणातल्या १० चा ८.२ करायला त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे एकटं गाव नव्हतंच, दोन होती. ठिपका दिसला की इलाज ठिपक्यावर करायचा नाही. ओळी कुठे उडाल्या ते बघायचं.

मॅडमने आर मधला भाग सांगितला. तिथे चूक आणि बरोबर यांत फक्त क्रमाचा फरक. आधी फिल्टर आणि मग एसव्हीवायडिझाइन (स्तर, पीएसयू आणि वजनं सांगणारं फंक्शन), तर चूक. आधी सगळ्या ओळींवर एसव्हीवायडिझाइन आणि मग त्या डिझाइनवर सबसेट, तर बरोबर. बाहेरच्या ओळी वजन शून्य धरून हिशेबात राहतात. थॉमस लमली यांच्या सर्व्हे पॅकेजची हीच रीत आहे. दोन ओळींची अदलाबदल, बाकी कोड अक्षर न् अक्षर तोच. कोड तपासणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटणारी जागा.

२० जून

मग पहिल्या दिवशी महाराष्ट्र ठेवून बाकी देश का उडवला? मुलाने विचारलंच, आणि बरोबर विचारलं.

कारण स्तर राज्यांच्या आत पाडलेले आहेत. बिहारचा एकही स्तर महाराष्ट्रात शिरत नाही. पूर्ण स्तरच्या स्तर काढून टाकले तर उरलेल्या स्तरांमधली गावं जशीच्या तशी राहतात, आणि हिशेबाला धक्का लागत नाही. जिल्ह्याचंही तेच, ग्रामीण-शहरीचंही तेच. स्टाटा सबपॉप लावल्यावर असे रिकामे स्तर स्वतःहून बाजूला ठेवतो आणि तसं खाली लिहितोही. करून पाहिलं: ग्रामीण महाराष्ट्र, दोन्ही पद्धतींनी, एरर शेवटच्या अंकापर्यंत तोच.

६ ते २३ महिन्यांची मुलं हा फिल्टर मधला. स्तरांना छेदून जातो, पण त्या वयाची मुलं बहुतेक गावांत असतातच, त्यामुळे फरक किरकोळ. जमात मात्र काही गावांत सगळीच्या सगळी आणि काही गावांत औषधालाही नाही. त्यामुळे तिथे तफावत सगळ्यात मोठी.

२५ जून

एसपीएसएसची बाजू. कॉम्प्लेक्स सॅम्पल्सचं मोड्यूल परवान्यात नाही. साध्या क्रॉसटॅबमध्ये वजन लावलं की एसपीएसएस त्याला "अशा इतक्या मुली-मुलं" असं समजतो. फाइलमधलं वजन दहा लाखांनी गुणून ठेवलेलं असतं. न भागता लावलं तर नमुना अब्जांत जातो आणि काय-स्क्वेअरमध्ये (फरक योगायोगाचा आहे का ते बघणारी चाचणी) जगातली प्रत्येक गोष्ट अर्थपूर्ण ठरते. भागून लावलं तरी गावांचे गुच्छ त्याला दिसत नाहीत, त्यामुळे एरर बहुधा लहानच येतो. निष्कर्ष: एसपीएसएसमधून टक्केवारी घ्यायची, पट्टा घ्यायचा नाही.

"सिलेक्ट केसेस"मध्ये निवड न झालेल्या ओळींचं काय करायचं याचे तीन पर्याय असतात: झाकून ठेवा, नव्या फाइलमध्ये कॉपी करा, पुसून टाका. कायम पहिला. तिसरा निवडून कंट्रोल-एस दाबलं की विषय संपला. झाकलेल्या ओळींच्या क्रमांकावर तिरकी रेघ येते आणि खाली उजव्या कोपऱ्यात फिल्टर चालू असल्याचं दिसतं. तो कोपरा बघण्याची सवय लावायची. कारण हा फिल्टर पुढच्या सगळ्या तक्त्यांना लागू राहतो. सकाळी आदिवासींसाठी लावलेला फिल्टर दुपारी "एकूण महाराष्ट्र"च्या तक्त्यातही बसलेला असतो, न बोलता.

एक्सेलवाल्यांसाठी एकच वाक्य: फिल्टर लावल्यावर सम झाकलेल्या ओळींसकट बेरीज करतो, सबटोटल त्यांना वगळतो. एकाच पानावर दोन्ही वापरू नका.

१ जुलै

सरांना मसुदा दाखवला. त्यांची मागणी: "राज्याच्या सरासरीपेक्षा आदिवासी मुलांमध्ये किती जास्त, एवढं एका ओळीत सांगा."

म्हणजे गाळलेला विदा एका बाजूला, न गाळलेला दुसऱ्या बाजूला. मागणी साधी आहे आणि वृत्तपत्रांत रोज अशी तुलना छापून येते. अडचण अशी की राज्याच्या सरासरीत आदिवासी मुलं आहेतच. आपण त्यांची तुलना काही अंशी त्यांच्याशीच करतोय.

देशाचे छापील आकडे घेऊन दाखवलं. पाचव्या फेरीत खुजेपणा ग्रामीण भागात ३७.३, शहरी ३०.१, एकूण ३५.५. ग्रामीण आणि एकूण यांतलं अंतर १.८. ग्रामीण आणि शहरी यांतलं ७.२. आपण कुठलं छापतो यावर बातमी ठरते. १.८ म्हणजे ७.२ चा बरोबर चौथा हिस्सा, कारण या मुलांमध्ये शहरी मुलं साधारण चौथा हिस्सा आहेत. नियम सरळ आहे: गटाचं एकूणापासूनचं अंतर म्हणजे गटाचं उरलेल्यांपासूनचं अंतर गुणिले उरलेल्यांचा वाटा.

जिल्हावार तक्त्यात याने फार घोळ होतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारमध्ये अनुसूचित जमातींचा वाटा ६९.३ टक्के, राज्यात ९.४. मुलांमधला वाटा थोडा इकडेतिकडे असेल, पण धरून चालू. समजा आदिवासी आणि उरलेली मुलं यांच्यातलं खरं अंतर दोन्हीकडे १० अंकांचं आहे. "एकूणाशी तुलना" केली तर राज्यात ते ९.१ दिसेल आणि नंदुरबारात ३.१. वाचणारा म्हणेल, नंदुरबारमध्ये दरी कमी आहे, तिथे छान चाललंय. दरी तेवढीच आहे. फक्त जिल्ह्याची सरासरीच आदिवासी मुलांनी बनलेली आहे.

त्यात पट्ट्यांचा प्रश्न वेगळाच. दोन स्वतंत्र गटांसाठीची चाचणी एकूण आणि भाग यांच्यावर लावता येत नाही, ते स्वतंत्र नाहीत. आणि दोन पट्टे एकमेकांवर चढतात की नाही एवढं बघून निकाल द्यायचा, तर खरा फरकही कधीकधी निसटतो. स्टाटात सगळ्या ओळी ठेवून, ओव्हर मध्ये गट देऊन दोन्ही सरासरी एकत्र काढायच्या आणि लिनकॉम या आज्ञेने त्यांची वजाबाकी करायची. दोन गट एकाच गावांतून आले असल्याचा हिशेब त्यात धरला जातो.

सरांनी ऐकून घेतलं. "मग राज्याची सरासरी छापायचीच नाही का?" छापू, पण तुलनेच्या रकान्यात नाही. वरती एकदा.

४ जुलै

पुढच्या टप्प्यात स्त्रियांचा भाग येईल तेव्हासाठी इशारा. या पाहणीत काही प्रश्न सगळ्यांना विचारलेलेच नाहीत. पुरुषांची प्रश्नावली, कौटुंबिक हिंसाचार वगैरे राज्यस्तरीय भाग फक्त १५ टक्के घरांत. हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांत मिळाला तर, आणि त्याचं वजनही वेगळं. म्हणजे हा फिल्टर फाइल आपल्या हाती येण्याआधीच लागलेला आहे. त्या भागावर जिल्ह्याचा फिल्टर लावला तर सॉफ्टवेअर आकडा देईल. तो वापरायचा नाही. तो भाग राज्याचा आकडा देण्यासाठीच आखलेला आहे.

९ जुलै

चौथ्या फेरीशी तुलना. ठाण्याची ओळ रिकामी ठेवली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, पण चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर होती. तिच्यातल्या ठाण्यात जव्हार-मोखाडाही आहे. पाचव्या फेरीत नाही. जिल्हा = ठाणे हा फिल्टर दोन्ही फाइलींत बिनतक्रार चालतो आणि दोन वेगळे प्रदेश उचलतो. पाचव्या फेरीतला ठाणे आणि पालघर एकत्र करून एक ओळ देता येईल, "जुना ठाणे" म्हणून. मॅडमला पटलं, सरांना नाव आवडलं नाही. तूर्त रिकामी.

१६ जुलै

उद्या आषाढीची सुट्टी, म्हणून आज तक्ता गोठवला. रकाने असे: जिल्हा; आदिवासी मुलं, टक्के आणि पट्टा; उरलेली मुलं, टक्के आणि पट्टा; दोघांतलं अंतर आणि त्याचा पट्टा; आणि दोन्ही गटांचा वजन न लावलेला बेस. शेवटचा रकाना सरांना नको होता, मी आणि मॅडम अडून बसलो. वजन लावलेली संख्या फिल्टरनंतर काहीच सांगत नाही: वजनं देशभरासाठी सरासरी १ धरून बेतलेली असतात, एका राज्यातल्या एका गटात त्यांची बेरीज खऱ्या मुलांइतकी येईलच असं नाही. खरी मुलं किती मोजली ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. सर्वेक्षणाच्या छापील अहवालाचीच रीत घेतली: २५ ते ४९ मुलं असतील तर आकडा कंसात, २५ च्या खाली तारा. या रीतीने अनेक जिल्हे ताऱ्यांनी भरले. भरू देत.

माझा आणि मॅडमचा तक्ता शेजारी ठेवून तपासले. टक्केवारी, एरर, पीएसयूंची संख्या, तिन्ही जुळतात. पीएसयूंची संख्या आता प्रत्येक तक्त्याखाली छापतोय. कुणी मध्येच ओळी उडवल्या तर सगळ्यात आधी तोच आकडा घसरतो.

मुलाने त्याचा एसपीएसएसचा तक्ताही आणला होता. टक्केवारीचा रकाना आमच्याशी जुळला, पट्ट्याचा त्याने स्वतःच कोरा सोडला होता.

पुढे: स्त्रियांमधला रक्तक्षय, राज्याचा छापील आकडा ५४.२, आधी तो जुळवायचा. गरोदर बाईला हिमोग्लोबिनची मर्यादा ११, इतरांना १२, तेव्हा "गरोदर नाही" ही अट पुन्हा तीन सॉफ्टवेअरमध्ये कशी वागते ते गुरुवारी बसून पाहायचं.